तिसऱ्या खांबाचं पोट

मोजायला सुरुवात करताना आपण नदीच्या कुठल्या काठावर उभे आहोत, हे वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं, मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. प्रत्यक्ष नदीवर मात्र ती एक ओळ लिहायची राहिली, आणि त्यापायी हॅनोव्हरमधला माझा एक अख्खा हिवाळा घशात हाडूक अडकल्यासारखा गेला.

आता पन्नाशी ओलांडल्यावर मी हा किस्सा लग्नाच्या पंगतीतही रंगवून सांगतो. हातोडा म्हणून डाव फिरवतो, पापडावर ठोकून दाखवतो. त्या वेळी मात्र हातोडा खरा होता आणि पापड मी होतो.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी मिरजेचा, डॉक्टरेटसाठी तिथल्या तांत्रिक विद्यापीठात दाखल झालेला. माझ्या प्रोफेसरांकडे रेल्वेचं एक काम आलं होतं. शहराच्या दक्षिणेला तासाभरावर एक जुना दगडी पूल होता. पाच कमानी, नदीत उभे चार खांब. शंभर वर्षं त्यावरून गाड्या गेल्या होत्या, पण आता विजेची जड इंजिनं यायची होती. पूल तेवढा भार पेलेल का, हा प्रश्न.

प्रश्नाला एक गोम होती. हा पूल ज्याने बांधला तो गृहस्थ आधी लष्करात इंजिनिअर होता. किल्ले, खंदक, तराफ्यांचे पूल आणि सुरुंग हे त्याचं शिक्षण. पुढे लष्कर सोडून तो रेल्वे बांधू लागला. पण त्या काळी रेल्वेचा पूल बांधायचा, तर लष्कराची एक अट असे. एका खांबाच्या पोटात दोन माणसं बसतील एवढी खोली रिकामी ठेवायची आणि बाहेरून दगड लावून बुजवून टाकायची. शत्रू आला की दगड फोडायचे, आत दारू भरायची आणि पूल उडवून द्यायचा. खोली कुठल्या खांबात आहे ते फक्त सरकारी नकाशात दाखवलेलं असे.

आमच्या पुलाच्या नकाशात ती दुसऱ्या खांबात होती. पुरावाही होता. दुसऱ्या खांबाच्या अंगावर नव्या दगडांचं एक ठिगळ होतं. महायुद्धाच्या शेवटच्या आठवड्यात माघार घेणाऱ्या सैनिकांनी तिथे फोडलं होतं. पूल मात्र उडवला नाही. वेळ मिळाला नसेल, असं सगळे म्हणत. युद्धानंतर कुणीतरी तोंड बुजवलं. पोट रिकामंच राहिलं, असं धरलेलं होतं. आता वसंतात नदी उतरली की त्या पोटात सिमेंट भरायचं ठरलं होतं. त्याआधी चारही खांब तपासायचे, हे काम माझं, आणि त्यावरच माझा प्रबंध.

तपासायची रीत सोपी. खांबाच्या एका अंगाला हातोडा मारायचा आणि दुसऱ्या अंगाला लावलेल्या यंत्रावर आवाज किती वेळात पोचतो ते बघायचं. दगड भरीव असेल तर आवाज सरळ जातो. आत पोकळी असेल तर त्याला वळसा पडतो आणि तो उशिरा येतो. ऑक्टोबरात चार दिवस होडीत उभं राहून मी हातोडे मारले. हातांना फोड आले, ते मी अभिमानाने सगळ्यांना दाखवत होतो.

घरी येऊन आकडे मांडले. पहिला खांब भरीव. चौथा भरीव. दुसरा, नकाशात ज्याच्या पोटात खोली होती, तोही ठणठणीत भरीव. आणि तिसऱ्यात आवाज उशिरा पोचलेला.

प्रोफेसरांनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अतिशय मायेने विचारलं, "आपण मोजायला सुरुवात कुठल्या काठावरून केलीत?"

"शहराच्या बाजूने," मी म्हणालो.

"वहीत लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं.

"गेनाऊ," प्रोफेसर म्हणाले. म्हणजे बरोब्बर, हेच मी म्हणत होतो. "चार खांब. पलीकडून मोजलं की दुसऱ्याचा तिसरा होतो. अशी चूक माझ्याकडूनही तरुणपणी झाली आहे. नंबर बदला आणि फेब्रुवारीअखेर अहवाल आणून द्या."

इतकं सोपं होतं. आणि मी तसं केलंही असतं. पण बाहेर पडून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मला आठवलं की पहिल्या दिवशी बसमध्ये मला डुलकी लागली होती. मी पुढच्या थांब्यावर, म्हणजे नदीच्या पलीकडे उतरलो होतो. मग मी पुलाच्या कडेने चालत अलीकडे आलो आणि मग मोजायला लागलो? की पलीकडूनच लागलो? होडीवाला अलीकडे होता की पलीकडे? जितका आठवू लागलो तितकी होडी दोन्ही काठांना दिसू लागली.

प्रोफेसर म्हणतात ते खरं असेल, तर नंबर बदलायला हवेत. खोटं असेल आणि मी ते बदलले, तर वसंतात लोक भरीव खांबाला भोकं पाडतील, तिथे काही नाही म्हणून निघून जातील, आणि पोकळ खांबावरून जड इंजिनं धावतील. गाडीत माणसं असतील. पुन्हा मोजावं म्हटलं, तर नोव्हेंबरातच नदीला पाणी चढलं होतं. मग बर्फ. नदी उतरेपर्यंत अहवाल थांबणार नव्हता.

मी काठावर जाऊन बघून आलो. ठिगळ दुसऱ्याच खांबावर होतं. पण ठिगळाचा खांब ठोकला तेव्हा आवाज लवकर आला होता की उशिरा, ते कुठे आठवत होतं? त्या चार दिवसांतलं मला फक्त एवढंच स्वच्छ आठवत होतं, की डब्यातलं लोणचं नदीत पडलं.

कोल्हापूरचा एक मित्र रसायनशास्त्र शिकत होता. त्याला सगळं सांगितलं.

"मर्दा, साहेब स्वतः म्हणतोय नंबर फिरव, आणि तू रडतोयस?"

"आणि पूल पडला तर?"

"शंभर वर्षं न्हाई पडला तो. तुझ्या हातोड्यानं न्हाई पडला. आता कशाला पडतोय?"

"म्हणजे बदलू?"

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "न्हाई लेका. त्यावरनं आपण बी कधीतरी जाणार की."

आता घरमालकीणबाईंकडे येतो, कारण सगळं प्रकरण त्यांच्या कपाटात होतं.

मी राहत होतो त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे पूल बांधणाऱ्या त्या लष्करी इंजिनिअरची सख्खी नात. हा योगायोग नव्हे. खोली प्रोफेसरांनीच शोधून दिली होती. "पूल देतोय, तर बिऱ्हाडही त्याच घराण्यात घ्या," ते म्हणाले होते, आणि मग जरा पडेल आवाजात, "तिच्याकडे आजोबांच्या हाताने लिहिलेली वही आहे. मी एकदा पुलापुरती पानं बघायला मागितली होती. तिने मला दारातूनच परत पाठवलं."

बाई पंच्याहत्तरीच्या. उंची माझ्या खांद्याएवढी, पाठ ओळंबा लावून बांधल्यासारखी. मला त्या 'हेर कांडिडाट' म्हणत, म्हणजे उमेदवार महाशय. मी आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला रविवारी साडेतीनला कॉफीला बोलावलं, एका जुन्या ओक लाकडाच्या खुर्चीत बसवलं, आणि कपाटातून काळ्या पुठ्ठ्याची जाड वही काढली.

"आल्झो," त्या म्हणाल्या. हा त्यांचा श्रीगणेशा. आणि पहिलं पान वाचलं. एकच. मग वही बंद, केकचा एक तुकडा, आणि पुढच्या रविवारी दुसरं पान.

सुरुवातीला मला फार मजा वाटली. आजोबा चौदाव्या वर्षी छावणीत गेले, तिथे दाताच्या डॉक्टरच्या भीतीने दोन महिने दाढ दुखत असताना हसत राहिले, ते वाचताना बाई गाल धरून दाखवत. मग मी आकडे मांडले, आणि मजा संपली. वहीत आम्ही होतो तराफ्यांचा पूल बांधायच्या शिक्षणावर. दगडी पूल यायला आजोबांना अजून वीस वर्षं जगायचं होतं. आठवड्याला एक पान या चालीने पूल यायला आणखी चार दिवाळ्या उलटल्या असत्या.

"आज दोन पानं वाचू या का?" मी एका रविवारी म्हटलं.

"का?"

"फार रंगलंय म्हणून."

"आजोबा एका दिवसात दोन दिवस जगले नाहीत," बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

पुलाचं पान आधी वाचू या म्हणायची सोय नव्हती. प्रोफेसर दारातून परत गेले होते ते त्याच वाक्यावर.

मग मी लाडीगोडी सुरू केली. कोळसा वर आणून दिला. जिना झाडायची त्यांची पाळी मी घेतली. एका रविवारी खास साजूक तुपातला शिरा केला, म्हटलं बाई खूश होऊन चार पानं वाचतील. बाई इतक्या खूश झाल्या की तीन वाट्या शिरा खाल्ला आणि 'आल्झो' म्हणून वही उघडल्यावर तिच्यावरच झोपल्या. ते पानही गेलं. मी समोर बसून त्यांच्या श्वासाबरोबर वहीचं पान वरखाली होताना बघत होतो. पूल तिथे, हाताच्या अंतरावर, आणि त्यावर एक म्हातारी झोपलेली.

तेव्हा मी ते केलं, जे मी पंगतीत सांगत नाही. बुधवारी दुपारी बाई यजमानांच्या थडग्यावर फुलं ठेवायला जात. कपाटाची किल्ली घड्याळाखाली असे. किल्ली मी दोनदा उलटीच घातली. वही काढली, उघडली, आणि देवाने माझी जी काही थट्टा केली तिला तोड नाही. मला एक अक्षर वाचता येईना.

जर्मन मला येत होतं, पण छापलेलं. हे जुन्या वळणाचं हस्ताक्षर होतं. सगळी अक्षरं म्हणजे एकसारख्या तिरप्या काड्या, एकीला दुसरी चिकटलेली. मिरजेला आमच्या माळ्यावर आजोबांच्या मोडीतल्या कागदांची पेटी आहे. तीही मी अशीच उघडून, अशीच मिटून ठेवलेली. दोन देशांतल्या दोन आजोबांनी माझ्यासमोर दार लावून घेतलं. नकाशा तरी असेल म्हणून पानं उलटली. नकाशा एकही नव्हता. वही जागेवर ठेवली, किल्ली घड्याळाखाली, आणि खोलीत जाऊन पलंगावर बसून राहिलो.

रविवारी साडेतीनला बाईंनी कॉफी ओतली. कपाट उघडलं. वहीकडे क्षणभर पाहिलं.

"वहीची पाठ भिंतीकडे असते," त्या म्हणाल्या. "आज ती माझ्याकडे आहे."

मी साखर ढवळत राहिलो. साखर मी घातलीच नव्हती.

"कुणीतरी वही हाताळली. त्यामुळे आपण कुठवर आलो होतो ते मला आठवत नाहीसं झालंय. आल्झो." आणि त्यांनी पहिलं पान उघडलं. "चौदाव्या वर्षी मी छावणीत दाखल झालो..."

पुन्हा दाढ! माझा धीर सुटला. मी खुर्चीतून उठलो आणि सगळं ओकलो. हातोडा, चार खांब, बसमधली डुलकी, बुधवारची किल्ली, सगळं. मराठीत अंगविक्षेप फार असतात, ते मी जर्मनमध्येही केले. शेवटी म्हणालो, "फेब्रुवारी संपायला एकोणीस दिवस आहेत. मी कुठल्या काठावर उभा होतो ते मला ठाऊक नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक आहे."

बाईंनी मला बसायची खूण केली.

"तुम्ही बसता त्या खुर्चीत कोण बसलं होतं, माहीत आहे?"

"नाही."

"पूल पुरा झाला तेव्हा पहिलं इंजिन त्यावरून नेलं, त्या वेळी आजोबा ही खुर्ची टाकून पुलाखाली बसले होते. पाइप ओढत. पडला तर माझ्यावर पडू दे, म्हणाले." मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "रोज. साडेतीन ते सहा. पण एक पानसुद्धा गाळायचं नाही."

असे एकोणीस दिवस मी त्या माणसाबरोबर धावलो. तो जिथे थांबे तिथे मला घाम फुटे. त्याने एक अख्खा हिवाळा घोड्याच्या खुराच्या आजारावर लिहिला होता. मग प्रेमात पडला, आणि नकार मिळायलाच सहा पानं घेतली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे बाबा, ती नाही म्हणतेय, पुढे चल! बाई मात्र प्रत्येक पानावर नव्याने हळहळत. नकार देणारीच पुढे त्यांची आजी झाली, हे त्यांना ठाऊक असूनही.

अकराव्या दिवशी युद्ध आलं. उत्तरेकडे कुठेतरी माघार घेताना त्याला एक जुना दगडी पूल उडवायचा हुकूम झाला. पुलाशेजारच्या गिरणीवाल्याने त्याला विचारलं, बांधायला किती वर्षं लागली असतील? त्याने अंदाज करून सांगितलं, सात. आणि उडवायला? त्याने वात पेटवली. लिहिलं होतं ते इतकंच, की दगड बराच वेळ वर होते, आणि मग गिरणीवाल्याने टोपी काढली. त्या वर्षाच्या आत त्याने लष्कर सोडलं. बाईंनी ते पान वाचून चष्मा पुसला, आणि मी पहिल्यांदाच तारीख विसरलो.

पुढे रेल्वे आली. घोड्यावरून रस्ता आखणं, गाईंचं दूध आटेल म्हणून आडवे आलेले शेतकरी, दलदलीत बुडालेला भराव. सतराव्या दिवशी तो आमच्या नदीवर पोचला. अठराव्या दिवशी नुसताच पाया. एकोणिसाव्या दिवशी मी तीनलाच जाऊन बसलो. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला द्यायचा होता.

बाई वाचत होत्या. "लष्कराने खोलीची अट घातली. मी नकाशात ती दुसऱ्या खांबात दाखवली, आणि सही केली. बांधली तिसऱ्यात." बाई थांबल्या. मग सावकाश पुढची ओळ वाचली. "घाईत येतील त्यांना ती सापडणार नाही. सवडीने येतील त्यांना ती नको असेल."

मी टाळी वाजवायला हात उचलले होते. सैनिकांनी युद्धाच्या शेवटी दुसरा खांब का फोडला आणि पूल का उडवला नाही, ते एका ओळीत उलगडलं होतं. नकाशा बघून फोडला, आत नुसता दगड लागला, आणि शोधत बसायला वेळ नव्हता. म्हणजे मी शहराच्या बाजूनेच मोजलं होतं! डुलकी माफ!

पण बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"सरकारी नकाशा," त्या म्हणाल्या. "खोटा."

"पण त्यामुळे पूल वाचला!"

"खाली सही आहे, हेर कांडिडाट. माझ्या आजोबांची."

या पानापर्यंत त्या आधी कधी पोचल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांचे वडील असंच रविवारचं एकेक पान वाचून दाखवत. वही अर्ध्यात असताना ते वारले. एकटीने पुढे वाचायचा त्यांना धीर झाला नव्हता. प्रत्येक भाडेकरूबरोबर त्या पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत, आणि भाडेकरू वर्षभरात निघून जात.

"एवढं पान मला दाखवता येईल का? प्रोफेसरांना?"

त्यांनी वही मिटली, कपाटात ठेवली. पाठ भिंतीकडे. "आमच्या घरात खोट्या कागदावर कुणी सही केलेली नाही. आणि ते लोकांना मी सांगणार नाही. आपणही सांगणार नाही."

मी नाही सांगणार म्हणालो. त्या चेहऱ्यासमोर दुसरं काय म्हणणार?

सकाळी नऊला मी प्रोफेसरांच्या टेबलावर अहवाल ठेवला. नंबर मोजले होते तसेच. दुसरा भरीव, तिसरा पोकळ.

"हे बदलायचं ठरलं होतं."

"मी शहराच्या बाजूनेच मोजलंय."

"आधार काय?"

जीभ दातांमागे धरून ठेवावी लागली. गप्प राहायचा मला सराव नाही. "माझी मोजणी."

प्रोफेसरांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "सही आपण एकट्याने करा. एप्रिलमध्ये तिसऱ्या खांबात भोक पाडतील. आत दगड लागला, तर आपल्याला दुसरा प्रोफेसर शोधावा लागेल. मिळेल असं मला वाटत नाही."

एप्रिल यायला पाच आठवडे लागले. आता तर मला माहीत होतं, मग धास्ती कशाची, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना मनात आलं, की जो माणूस सरकारी नकाशावर खोटं लिहितो, तो वहीत खरंच लिहील कशावरून? वही सापडली तरी पूल वाचावा म्हणून त्याने वहीतही फसवलं असेल तर? खोली दुसऱ्यातच असेल? कुठेच नसेल? त्या दिवशी मी अर्धीच दाढी करून विद्यापीठात गेलो. बाईंनी रविवारची कॉफी थांबवली होती. जिन्यात भेटल्या की मान हलवत आणि निघून जात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नदी उतरली. तिसऱ्या खांबाला लाकडी मचाण बांधलं, त्यावर ड्रिल चढवलं. काठावर मी, प्रोफेसर, आणि मला धीर द्यायला कोल्हापूरकर. तो येताना डबा घेऊन आला होता. "रिझल्ट काय बी लागू दे, जेवायचं तर हायच."

ड्रिल सुरू झालं. आतून भुकटी येत होती, पांढरी. मचाणावरचा माणूस दर थोड्या वेळाने ड्रिल किती आत गेलं ते ओरडून सांगत होता. अर्धा मीटर. दगड. पाऊण मीटर. दगड. एक मीटर. दगड. प्रोफेसर माझ्याकडे बघत नव्हते, आणि तेच वाईट होतं. सव्वा मीटर. दगड. कोल्हापूरकराने डबा बंद केला. माझ्या डोळ्यांसमोर मिरज स्टेशन आलं, आणि फलाटावर वडील, काहीही न विचारता माझी ट्रंक उचलणारे.

दीड मीटरला ड्रिल एकदम पुढे गेलं. मचाणावरचा माणूस तोल जाऊन त्यावरच आपटला. आवाज बदलला, यंत्र मोकळं फिरू लागलं. त्याने ते बंद केलं, भोकाला तोंड लावलं आणि आत हाक मारली. आतून त्याचीच हाक परत आली.

मी काय केलं ते मला आठवत नाही. कोल्हापूरकर सांगतो की मी प्रोफेसरांना मिठी मारली. त्या देशात ते करत नाहीत.

प्रोफेसरांनी कोट झटकला. ते प्रामाणिक माणूस होते. लगेच म्हणाले, "मी आपली माफी मागतो. काठ आपण चुकला नव्हतात." मग खांबाकडे बघून हसले. "चुकला तो नकाशा काढणारा. लष्करी इंजिनिअर, आणि चार खांब धड मोजता आले नाहीत!"

"माझे आजोबा मोजण्यात कधीही चुकले नाहीत."

आम्ही वळलो. मागे बाई उभ्या होत्या. काळी टोपी, काळा कोट, हातात पिशवी. कधी आल्या, किती वेळ उभ्या होत्या, कुणाला ठाऊक. गालांवर दोन लाल ठिपके उमटले होते.

"त्यांनी नकाशा मुद्दाम खोटा काढला," बाई म्हणाल्या, मचाणावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "त्यांना चार काय, चारशे खांब मोजता येत होते. त्यांनी लष्कराला फसवलं. खाली सही केली. आणि बरं केलं."

पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता. प्रोफेसरांनी टोपी काढली.

"ते पान मला बघता येईल? अहवालाला जोडायला हवं."

बाईंनी पिशवी छातीशी धरली. त्यांच्या पाठीचा ओळंबा पुन्हा जागेवर आला.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "साडेतीन वाजता. पहिल्या पानापासून."

प्रोफेसर आले. पुलाखालची खुर्ची त्यांना मिळाली, मी स्टुलावर. बाईंनी कॉफी ओतली, चष्मा चढवला, आणि 'आल्झो' म्हणून गाल धरला. दाढ सुरू झाल्यावर प्रोफेसरांनी हळूच खिशातलं घड्याळ काढलं. बाई वाचायच्या थांबल्या. त्यांनी नुसतं बघितलं. प्रोफेसरांनी घड्याळ परत खिशात ठेवलं.

मी आत जाऊन शिरा आणला. बाईंना मात्र एकच वाटी दिली.